प्रतिसाद: गामा भडकला की दृश्य प्रकाशही का वाढतो?

वर विचारलंय की क्वेसार (दूरच्या दीर्घिकेचं, महाकाय कृष्णविवरामुळे झळकणारं केंद्र) गामा किरणांत भडकला की दुर्बिणीतही उजळ का दिसतो. कारण बहुतेक वेळा दोन्हीमागे कृष्णविवराजवळून सुटणाऱ्या झोतातले तेच इलेक्ट्रॉन असतात. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेताना ते रेडिओपासून दृश्यापर्यंतचा प्रकाश देतात (सिंक्रोट्रॉन), आणि आजूबाजूच्या वायूढगांकडून आलेल्या फोटॉनना धडकून त्यांनाच गामा किरण बनवतात. पण हा नियम नव्हे. कधी गामा एकटाच उसळतो, दृश्य प्रकाश ढिम्म. रेडिओतला भडका तर बऱ्याचदा आठवडे-महिने उशिरा येतो, कारण झोताचा आतला भाग रेडिओला अपारदर्शक असतो.

मला खरं बुचकळ्यात टाकतो तो ३सी २७९ हा क्वेसार. जून २०१५ मध्ये फर्मी या गामा किरण टिपणाऱ्या अवकाश दुर्बिणीला त्याची गामा तेजस्विता पाच मिनिटांच्या आत दुप्पट होताना दिसली! इतक्या झटपट बदलायचं तर उगम फारच छोटा हवा. झोत प्रकाशवेगाजवळ आपल्याच दिशेने येतो, म्हणून काळ आखडून दिसतो, हे धरूनही हिशोब ओढूनताणूनच बसतो.

सोलापूरकरांना बघायचाच असेल तर ३सी ४५४.३ हा क्वेसार घ्या, पूर्वाभाद्रपदाच्या ताऱ्याजवळ. एरवी सोळाव्या प्रतीच्या आसपास (प्रतीचा आकडा लहान तितका उजळ), पण २००५ मध्ये बाराव्यापर्यंत चढला होता. नोव्हेंबर २०१० मध्ये तर गामा आकाशात तोच सर्वांत तेजस्वी होता. सप्टेंबरात तो रात्रभर वर असतो, पण आपला पाऊस नेमका तेव्हाच पडतो. त्यामुळे दिवाळीनंतर, अक्कलकोट रोडला गावाबाहेर.

आठ इंची दुर्बीण आणि कॅमेरा कोणाकडे आहे का?