कळमेश्वरकडचं जुनं टोपोशीट आणि पांदणीचा प्रश्न

दादा, तुम्ही टाकलेलं पन्नासच्या दशकातलं टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचा भूरूप नकाशा) झूम करकरून पाहिलं, लय भारी स्कॅन आहे. पांदणीवर, म्हणजे शेतात जायच्या वाटेवर, झालेलं अतिक्रमण यावरून सिद्ध होईल का, हा तुमचा प्रश्नही वाचला. ही एक इंचाला एक मैलवाली सिरीज, म्हणजे १:६३,३६०. नागपूर शहर ५५ ओ/४ क्रमांकाच्या शीटमध्ये येते आणि कळमेश्वर त्याच्या पश्चिमेला ५५ के/१६ मध्ये. उंची फुटात आहे बरं, मीटर समजू नका.

मला सगळ्यात आवडले ते नाले. बारमाही पाणी निळ्या रंगात आणि कोरडं पडणारं पात्र काळ्यात, त्यामुळे तेव्हा कुठं पाणी टिकत होतं ते सरळ दिसते, अन् आज तोच नाला दिवाळीनंतर आटून राहिला असेल तर जीव हळहळतोच. गावातल्या म्हाताऱ्यांना बसवून एकेक नाला विचारून घ्या, हे काम आत्ताच व्हायला पाहिजे.

पण यावरून पांदणीवरचं अतिक्रमण सिद्ध होईल का, असं जे विचारलं, तर एकट्या यावरून नाही. या स्केलवर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ६३ मीटर, आणि धुरे (शेतांचे बांध) तर यात दाखवतच नाहीत. पांदण होती एवढं कळते, कोणाच्या वावरात किती सरकली ते नाही. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा काढा, सोबत निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज पण मागा, आपल्या विदर्भात गावाच्या वहिवाटीचे हक्क त्यातच नोंदलेले असतात.

आणि क्यूजीआयएसमध्ये (कॉम्प्युटरवर नकाशे जुळवायचं सॉफ्टवेअर) टाकताना डेटम, म्हणजे नकाशाच्या मोजमापाचा आधार, एव्हरेस्टचा निवडा, थेट डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरते तो डेटम) धरला तर सगळा नकाशाच सरकतो.