कार्यालयासाठी ब्रॉडबँड पुरेसे आहे की लीज्ड लाइन घ्यावी?

प्रश्न
आमच्या कार्यालयात २५ जण काम करतात. हिशेबाची प्रणाली क्लाउडवर आहे, फोन इंटरनेटवरून चालतात आणि डिझाइन विभागाच्या मोठ्या फाइली दिवसभर ऑनलाइन सिंक होत असतात. फायबर ब्रॉडबँडचा वेग ३०० एमबीपीएस असूनही दुपारच्या व्हिडिओ बैठकांत आमचा आवाज समोरच्यांना तुटक ऐकू येतो. लीज्ड लाइनला त्याच्या कित्येक पट पैसे मोजून ५० एमबीपीएसच मिळणार आहेत. हा खर्च करावा का?

प्रतिसाद १
३०० हा आकडा बहुधा डाउनलोडचा असावा. अपलोडचा वेग किती आहे, ते आधी पाहा. तुमचा आवाज समोरच्यांना तुटक ऐकू येतो, म्हणजे दुखणे बाहेर जाणाऱ्या वाटेवर असण्याची शक्यता अधिक आहे. जीपॉन प्रकारच्या (एकच फायबर अनेकांत वाटणाऱ्या) जोडणीत कंपनीकडच्या एका पोर्टची सुमारे २.५ जीबीपीएस डाउनलोड आणि १.२५ जीबीपीएस अपलोड क्षमता अनेकदा ३२ किंवा ६४ ग्राहकांत वाटली जाते, तर लीज्ड लाइनवर दोन्ही दिशांचा ठरलेला वेग तुमच्यासाठीच राखलेला असतो. मात्र फोनसाठी एवढ्या बँडविड्थची गरज नाही: जी.७११ कोडेकच्या (आवाजाचे डिजिटल रूपांतर करण्याच्या एका पद्धतीच्या) एका कॉलला प्रत्येक दिशेला जेमतेम ९० केबीपीएस लागतात. दुपारी वायफायवरून नव्हे, तर राउटरला केबल जोडून अपलोड आणि पिंग (संदेश जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ) दोन्ही मोजा.

प्रश्नकर्ता
मोजले. अपलोड ३० एमबीपीएस मिळतो. एरवी १२ मिलिसेकंद असणारा पिंग फाइली सिंक होऊ लागल्या की ४०० च्या वर जातो आणि सिंक थांबवताच पूर्ववत होतो.

प्रतिसाद १
मग ही कोंडी तुमच्याच राउटरच्या किंवा मोडेमच्या रांगेत होते आहे, म्हणजे बाहेर जाणारा डेटा तिथेच ताटकळतो. अपलोडची एकूण मर्यादा २६-२७ एमबीपीएसवर ठेवून क्यूओएसमध्ये (राउटरमधील प्राधान्यक्रमाच्या सेटिंगमध्ये) आवाजाला प्राधान्य द्या. हे न करता लीज्ड लाइन घेतली, तर सिंक तीही भरून टाकील.

प्रतिसाद २
वेगाचा प्रश्न सुटला तरी लाइन बंद पडल्यावर काय, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते लीज्ड लाइनचे पैसे मुख्यतः त्यासाठीच द्यायचे असतात. करारात ९९.५ टक्के उपलब्धता लिहिली असेल, तर वर्षाला जवळजवळ ४४ तास सेवा बंद राहूनही कंपनी शब्द पाळते, ९९.९ टक्क्यांना ही मुभा पावणेनऊ तासांवर येते. दुरुस्तीची कमाल मुदत लेखी घ्या. भरपाई सहसा बिलातील सवलतीपुरती असते, बुडालेल्या धंद्याची नसते. बाहेरून कार्यालयाच्या सर्व्हरवर यायचे असेल, तर स्थिर सार्वजनिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) मिळतो का, हेही विचारा. सीजीनॅटमागे, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो तिथे, ते अडते.

प्रतिसाद ३
काही तास बंद राहिल्याने मोठे नुकसान होणार नसेल, तर दोन स्वस्त जोडण्या आणि ड्युअल वॅन राउटर (दोन इंटरनेट जोडण्या सांभाळणारा) ही व्यवस्था मला अधिक व्यवहार्य वाटते. फक्त दोन्ही तारा एकाच डक्टमधून (जमिनीखालच्या नळीतून) येत नाहीत ना, याची खातरजमा करा, कारण कंपन्या दोन असल्या तरी खोदकामात दोन्ही केबल एकदमच तुटू शकतात. त्यामुळे दुसरी जोडणी ५जी किंवा अन्य बिनतारी प्रकारची घ्यावी. जोडणी बदलताना सार्वजनिक आयपी बदलतो आणि चालू कॉल तुटतात, याची कल्पना सहकाऱ्यांना द्या. आणि महिन्यातून एकदा मुख्य केबल मुद्दाम काढून पर्यायी जोडणी खरोखर सुरू होते का, ते पाहा.