शब्द हवाय: 'लाइव्ह-ट्वीट'ला मराठीत काय म्हणायचं?

वेलदोडा: आमच्या विभागाच्या चर्चासत्राची सूचना मराठीत काढायचीये. वक्त्याच्या परवानगीशिवाय लाइव्ह-ट्वीट करू नये, म्हणजे भाषण चालू असतानाच ते ट्विटरवर टाकत राहू नये, अशी एक ओळ आहे. सरांनी तिचं 'थेट प्रक्षेपण करू नये' केलंय, ते वाचून लोकांना वाटेल कॅमेरा-स्टँड आणायला बंदी आहे. दुसरा शब्द?

तिरपी रेघ: धावतं वर्णन. रेडिओला कान लावून बाळ ज. पंडितांचं क्रिकेट ऐकलेल्या पिढीला तरी लगेच कळेल.

कडबोळं: वर्णन की समालोचन? मॅचसाठी दोन्ही चालतं, पण समालोचनात गुणदोष बघणं आलं ना. हॉलमध्ये बसून ट्विटणारा बहुतेक वेळा वक्ता काय बोलला तेवढंच टाकतो, म्हणजे वर्णन, आणि मध्येच 'एवढ्याशा सॅम्पलवर एवढा मोठा निष्कर्ष?' असं लिहिलं की समालोचन सुरू. सूचनेत वर्णनच लिहा.

नानबा: इतिवृत्त का नको? चांगला भारदस्त शब्द आहे.

कडबोळं: नानबा, सोसायटीच्या मीटिंगला जाता ना? 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे', विषय क्रमांक १. कायम होईपर्यंत त्याला वजन नाही. इथे तर वक्त्याने पाण्याचा घोट घ्यायच्या आत वाक्य जगभर गेलेलं असतं, कायम कोण करणार?

नानबा: बरं बाबा. मग टिवटिव म्हणा, नाहीतरी आमच्या मते या सगळ्या टिवल्याबावल्याच 😀

वेलदोडा: 'थेट वार्तांकन' कसं वाटतं?

तिरपी रेघ: त्यावरून खरोखर वाद झालाय. अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बर लॅबोरेटरीत २००९च्या मे महिन्यात जीनोमवरची परिषद होती, तिथे आलेल्या एका संशोधकाने बसल्या जागेवरून ब्लॉग लिहिला. पत्रकारांना तिथे काहीही छापण्याआधी वक्त्याची परवानगी घ्यावी लागायची, ब्लॉगवाल्याला तसं काही बंधन नव्हतं, मग पत्रकारांनी विचारलं की आम्हालाच का? त्यानंतर नियम सगळ्यांना लागू केला. म्हणजे ट्विटणारा श्रोता की वार्ताहर, हाच प्रश्न होता. वार्तांकन लिहिलंत तर श्रोते म्हणतील आम्ही कुठे वार्ताहर, आम्हाला हे लागू नाही.

कडबोळं: आणि फोटोचं वेगळं लिहा हां, 'वर्णन'मध्ये फोटो बसत नाही. २००८च्या ऑगस्टमध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत पामेला या अवकाशातल्या उपकरणाचे पॉझिट्रॉन या सूक्ष्म कणांचे आकडे स्लाइडवर थोडा वेळ दाखवले, श्रोत्यांतल्या काहींनी कॅमेऱ्यात टिपले आणि त्यावर स्वतःचे पेपर लिहून मोकळे. पामेलावाल्यांचा स्वतःचा पेपर नेचर या विज्ञान-नियतकालिकात आला २००९च्या एप्रिलमध्ये! आकडे फोटोवरून घेतलेत हे त्या श्रोत्यांनी पेपरात सांगितलं होतं, तरी चर्चा व्हायची ती झालीच.

अर्धविराम: मी हे करून तोंडावर पडलेय म्हणून लिहिते. एका चर्चासत्रात बाई म्हणाल्या, 'ही प्रथा पेशवाईत सुरू झाली असं सगळे लिहितात'. मी 'प्रथा पेशवाईत सुरू झाली' एवढं टाकलं, आणि पुढची वीस मिनिटं त्या तेच खोडून काढत होत्या. चहाच्या वेळी कप हातात घेऊन थेट माझ्याकडेच आल्या. तेव्हापासून वाक्य कोणाचं ते लिहिल्याशिवाय टाकत नाही. पण मराठीत तिथे गोची आहे, 'म्हणे' घातलं की लगेच शंका घेतल्यासारखं वाटतं. 'बाई म्हणतात प्रथा जुनी आहे' आणि 'प्रथा जुनी आहे म्हणे' यात केवढा फरक! मी शेवटी 'इति' आणि आडनाव लावते. जुनं वाटतं पण जागा कमी खातं.

तिरपी रेघ: जागेचं तर विचारूच नका. 'विद्यार्थ्यांनी' दिसायला चार अक्षरं, पण काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळं सुटं मोजून १५ होतात. २०१७च्या आधी एका ट्वीटला एकूण १४०च असायची, तेव्हा मराठीत ट्विटणाऱ्यांनी कसे दिवस काढले असतील!

नानबा: म्हणून सांगतो, विद्यार्थ्यांनी म्हणू नका, पोरांनी म्हणा.

वेलदोडा: 😂 हे पाठवलं: 'वक्त्याच्या परवानगीशिवाय भाषणाचं धावतं वर्णन समाजमाध्यमांवर टाकू नये, स्लाइडचे फोटो काढू नयेत.' सरांनी 'भाषणाचं धावतं'चं 'भाषणाचे धावते' केलं. बाकी पास.