शुगर निघाली, मन मानत नाहीये

सांगलीकर:
परवा रिपोर्ट आला, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७.८ टक्के, डॉक्टर म्हणाले टाइप टू डायबेटिस आहे, गोळी चालू केली. आई म्हणते साखर सोड, गूळ खा. मला मात्र रात्री झोपच लागेना, आता जन्मभर हेच का? तुम्ही कसं स्वीकारलंत?

मिरजेची ताई:
भावा, रडू आलं तर रड, मी पण खूप रडले. पण गुळानं शुगर साखरेसारखीच वाढते, हे आईंना प्रेमानं सांग. आपल्याकडं येताजाता बेदाणे तोंडात टाकायची सवय असते ना, त्यात तर द्राक्षाची सगळी साखर आटून बसलेली असते. भाकरी खा पण मोजून, उसळ-पालेभाजी जास्त.

विटेकर:
गोळी मेटफॉर्मिन (शुगर कमी करणारी) असेल तर जेवणाबरोबर घे, सुरुवातीला पोट बिघडू शकतं, बहुतेकांचं नंतर बसतं, मनानं बंद करू नको. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं गल्लीतच चाल, चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. आणि डोळ्याचा पडदा आत्ताच तपासून घे, लोक हे हमखास विसरतात.

सांगलीकर:
डोळ्याचं कुणी बोललंच नव्हतं, उद्याच विचारतो. लई आधार वाटला. उसाचा रस पूर्ण बंद का?

मिरजेची ताई:
हो रे, पूर्ण. ताक पी.