विंटर टायर काढायची घाई करू का? मदत हवी आहे

मंडळी, जरा सांगा. दुपारी चांगलं १२-१४ डिग्री असतं पण पहाटे अजून शून्याच्या आसपास, काचेवर बर्फाचा थर खरवडावा लागतो, अशात समर टायर टाकायचे की थांबायचं? ७ डिग्रीचा नियम माहितीये, त्याखाली समरचं रबर कडक होऊन पकड जाते, पण तो दिवसाचा बघायचा की सकाळी ऑफिसला निघतो तेव्हाचा? मला तर सकाळचाच बरोबर वाटतो. उलट गरम रस्त्यावर विंटरचं मऊ रबर भराभर झिजतं म्हणे, म्हणून जीव अडकलाय.

दुसरं, माझ्या विंटर टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह (बर्फाची चाचणी पास झाल्याचं) आहे, बाजूला डीओटी या कोडपुढे ३५१९ लिहिलंय, म्हणजे २०१९च्या ३५व्या आठवड्यात बनलेले. ट्रेड, म्हणजे खाचांची खोली, जेमतेम ४ मिमी. पुढच्या हिवाळ्याला चालतील का सरळ नवे घेऊ?

आणि वेगळ्या रिम्सचा सेट कोणी घेतलाय का? दरवेळी त्याच रिमवरून टायर उतरवा-चढवा करून कडा खराब होतात का? प्रेशर सेन्सरही मग दुसरे लागतील ना?