श्रेक २ आमच्या घरी: तुमच्याकडे कोणाला काय भिडलं?

'श्रेक'चा दुसरा भाग २००४ साली आला. २००१च्या पहिल्या भागाला अ‍ॅनिमेशनपटांसाठीचं पहिलंवहिलं ऑस्कर मिळालं, तरी आमच्या घरात दुसराच सरस यावर एकमत आहे. पहिल्यात लग्न जमतं, दुसऱ्यात ते माहेरी कळतं! दलदलीत राहणारा हिरवा राक्षस श्रेक जावई म्हणून राजवाड्यात जातो, सासरेबुवांचा चेहरा पडतो आणि पुढे जे होतं ते आपल्याकडच्या कुठल्याही घरात होऊ शकतं. माझ्या नवऱ्याला बुटातलं मांजर आवडतं, मुलाला गाढव, मला श्रेकची बायको फिओना. तुमच्याकडे कोण कशात अडकलं? घरातल्या सगळ्यांचं लिहा, लहानांचं आणि म्हाताऱ्यांचंही.

सांगलीची लेक, आता चेन्नईत

जेवणाच्या टेबलाचा प्रसंग! श्रेक हात धुवायच्या वाटीतलं पाणी सूप समजून चमच्याने पितो आणि सासूबाईंना 'छान झालंय' म्हणतो. फिओना काही न बोलता त्याच वाटीत बोटं बुडवून दाखवते. माझा नवरा तमिळ. लग्नानंतर पहिल्यांदा सांगलीला आला तेव्हा पुरणपोळीचा बेत होता. त्याने कटाची आमटी रसमसारखी वाटी तोंडाला लावून संपवली. बाबा मान खाली घालून जेवत राहिले. आईने मात्र दुसरी वाटी भरून पुढे ठेवली. सिनेमातली राणी लिलियनही अशीच आहे. नवरा आणि जावई ताटातल्या जेवणाच्या चिंधड्या उडवत असताना तीच घर धरून ठेवते. बाबा आणि हा आता क्रिकेटवरून तासन्‌तास फोनवर असतात, पण हा प्रसंग लागला की आमचे हे आजही रिमोट शोधतात.

ठाणे, दोन मुलांचा बाबा

कांद्याच्या बग्गीतून सासरी निघाल्यावर गाढव सतत 'पोचलो का?' विचारतं, आणि मग तोंडाने टॉक-टॉक आवाज काढत बसतं. हे पाहिल्यापासून गणपतीला गावी जाताना कशेडी घाटात आमच्या मागच्या सीटवर तेच चालतं.

धाकटीचं वेगळंच. किल्ल्यावर चाल करून जाणारा तो अवाढव्य जिंजरब्रेडचा माणूस खंदकात कोसळतो आणि बुडताना छोट्या जिंजरब्रेडला 'नीट राहा' म्हणून जातो. थिएटरमध्ये म्हणे लोक इथे हसतात. माझी पोर हमसून रडली आणि मला ते पटलं. खुशीत चाललेला, कोणाचं काही वाकडं न केलेला जीव तो.

नाशिक, सावळ्या मुलीची आई

मला यात सगळ्यात मोलाची वाटते ती शेवटची निवड. परीच्या (फेअरी गॉडमदरच्या) कारखान्यातला जादूचा काढा पिऊन श्रेक देखणा होतो, फिओना गोरीगोमटी राजकन्या होते. मध्यरात्रीच्या आत एकमेकांचं चुंबन घेतलं की हे रूप कायमचं. तो तयार असतो, तिच्यासाठी. ती नको म्हणते. ज्याच्याशी लग्न केलं तोच मला हवाय, म्हणते. ठोके पडतात आणि दोघं पुन्हा हिरवे होतात, गाढवही घोड्याचं पुन्हा गाढव होतं.

माझ्या लेकीला पाळण्यात असल्यापासून मसूर डाळीचं पीठ, हळद, साय लावायचे सल्ले मिळत आलेत. नात्यातल्या बायका तिच्यासमोर बोलतात. ही परी बाटलीतून सुख विकणारी कारखानदारीण आहे, हे लेकीला आम्ही समजावून सांगावं लागलं नाही. 'आई, ती क्रीमवाली आहे,' म्हणाली. नववीत होती तेव्हा.

एक खटकतं तेही लिहिते. गुत्त्यावर काम करणाऱ्या, सिंड्रेलाच्या सावत्र बहिणीच्या दाढीवरून आणि जाड आवाजावरून सिनेमा हसवून घेतो. रूपावरून हसू नका सांगणाऱ्या गोष्टीत हे बसत नाही. लेकीनेच दाखवून दिलं.

पुणे, ढोल पथकातला

शेवटची चढाई! इकडे मेजवानीत परी गातेय, तिकडे किल्ल्यावर हल्ला. गाणं १९८४चं, मूळ बॉनी टायलरचं, इथे परीला आवाज देणाऱ्या जेनिफर सॉन्डर्सने स्वतः म्हटलंय. कट बघा, ठेक्यावर पडतात. मांजर तलवार उपसून शिपायांना एकटं अडवतं तिथे आमच्या पथकातली पोरं उभी राहतात.

कोल्हापूर, आजीकरता नात लिहितेय

आजीला सगळं इंग्रजी कळत नाही, पण राणीने तोंड उघडताच तिने आवाज ओळखला. ज्युली अँड्र्यूज. 'द साउंड ऑफ म्युझिक' तिने आजोबांबरोबर थिएटरात पाहिलाय. १९९७च्या शस्त्रक्रियेनंतर या बाईंचा गाण्याचा गळा गेला हे मी सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, 'बोलण्यात सूर आहे की अजून.'

आणि तिला भिडला राजा हॅरॉल्ड. आम्ही सगळे त्याला खलनायक धरून बसलो होतो, कारण तोच मांजराला सुपारी देतो, तोच परीच्या धमकीला भिऊन लेकीला फसवायला निघतो. शेवटी परीच्या जादूच्या छडीचा वार स्वतःवर घेतो आणि कपड्यांच्या ढिगातून बेडूक बाहेर येतो. परीकृपेने माणूस झालेला बेडूक होता तो! उभा जन्म ते लपवायच्या भीतीत गेला. राणी जराही मागे सरत नाही, पूर्वी कधी नव्हतास इतका आज तू माझ्या योग्यतेचा माणूस आहेस, असं त्याला म्हणते.

आजीने मला तेवढा भाग पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाली, 'बापाला पोरीची लाज नव्हती गं, स्वतःची होती.' आता तिला पहिला भाग बघायचाय. उलट्या क्रमाने चालेल ना?