धूर किती, यापेक्षा तो सुटतो कुठे

विमानांपुढे पर्यटकांना अंतराळात नेणाऱ्या रॉकेटची उड्डाणं मूठभर, त्यांच्या धुराने असा काय फरक पडणार, असं म्हटलं जातं. हा मुद्दा मला पटत नाही. खालच्या हवेतली काजळी पावसाने काही दिवसांत धुऊन निघते. पण रॉकेट ती थेट स्थितांबरातही सोडतं, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, आणि तिथे पाऊसच नाही. त्यामुळे ती वर्षानुवर्षं ऊन शोषत तरंगते. २०२२ च्या एका अभ्यासात रॉकेटच्या काजळीची तापवण्याची क्षमता इतर स्रोतांच्या सुमारे ५०० पट निघाली.

ब्लू ओरिजिन कंपनीचं न्यू शेपर्ड हे पर्यटक यान हायड्रोजनवर चालणारं, त्यातून काजळी निघत नाही, हे मान्य. ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘स्टार ट्रेक’ मालिकेतले नव्वदीचे अभिनेते विल्यम शॅटनर त्यातून जाऊन आले, आणि उतरल्यावर हवेच्या त्या पातळ निळ्या थराबद्दल बोलताना त्यांचे डोळे भरून आले होते. तिकीट काढणाऱ्यांनी निदान यानाचं इंधन कोणतं एवढं तरी आधी विचारावं, असं मनापासून वाटतं.